पेसाहचं ताट, मात्झा आणि कुरिअरवाल्यांचा ‘इतर घटक’

माझ्या त्या पार्सलला वर्ष होऊन गेलं, पण कुरिअर ऑफिसचा विषय निघाला की अजून डोकं तापतं. आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. 2025 ला पेसाह, म्हणजे मिसरमधून (इजिप्तमधून) सुटकेचा आमचा सण, 12 एप्रिलला, शनिवारी रात्री लागत होता, म्हणजे शब्बाथमुळे (शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा दिवस, काम चालत नाही) सणाच्या ताटाचं सगळं शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तयार हवं. इथल्या मात्झाच्या (सणाच्या बिनखमिराच्या रोटीच्या) वाटपात आमचं नाव लागलं नाही म्हणून इस्राएलमधल्या लोदच्या मामांनी त्याचे डबे पाठवले.

बाकी ताटाचं काही अडत नाही. शोहेतकडून (धर्मनियमांप्रमाणे कापणाऱ्याकडून) आणलेल्या मटणाच्या नळीचं हाड भाजून ठेवायचं, अंडं भाजायचं, मिठाचं पाणी, सेलरी, कडू पाल्यासाठी लेट्युस (पानं सुटी करून मिठाच्या पाण्यात बुडवा आणि उजेडात धरून बघा, बारीक किडे चिकटलेले असतात). खजुराचा शिरा आदल्या दिवशीच करा. बिया काढलेला खजूर शिजवून फडक्यातून गाळायचा आणि मंद आचेवर आटवत बसायचं, घाई केली की बुडाला लागतो. मिसरमध्ये आपल्या लोकांनी विटांसाठी मळलेल्या चिखलाची ती खूण, तसाच दाट आणि काळपट व्हायला हवा, वरून बदाम-अक्रोड.

पण मात्झा अडकला. केवायसी, आधार, सगळं दिलं. मग म्हणे लेबल हिब्रूत आहे, घटक इंग्रजीत लिहून द्या. दिले: गव्हाचं पीठ, पाणी. फॉर्म परत आला, ‘इतर घटक’ रिकामं चालत नाही. ‘काही नाही’ लिहिलं, परत आला. फोन केला तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, मॅडम, मीठ तरी असेलच ना, तेल, सोडा, प्रिझर्वेटिव्ह, काहीतरी लिहा म्हणजे पुढे जाईल. मी का लिहू? पिठाला पाणी लागल्यापासून 18 मिनिटांच्या आत भाजून निघायला हवा तो मात्झा, मिसरमधून निघताना कणीक फुगायलाही वेळ नव्हता म्हणून, आणि त्यात सोडा घातलाय असं मी सहीनिशी लिहून देऊ? घरी करा म्हणणारेही भेटले, पण बाजारच्या पिठाचा गहू दळण्याआधी ओला केलेला असतो बऱ्याचदा, ते पीठ चालत नाही. पुण्यात 1874 ला छापलेल्या मराठी हगादात (पेसाहच्या रात्री वाचायच्या पुस्तकात) साड्या नेसलेल्या बायका बसून मात्झा करताहेत असं चित्र आहे, पण त्या बायका एकत्र बसायच्या, माझ्या किचनमध्ये मी एकटी.

त्यात गुरुवारी महावीर जयंतीची सुट्टी, ऑफिस बंद. शेवटी शुक्रवारी सकाळी आईला घेऊन तिथेच जाऊन बसले. डब्याचा फोटो, घटकांचं भाषांतर, सणाची माहिती असं सगळं एका कागदावर टाइप करून सही केली आणि मॅनेजरना भेटल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. ते आले, वाचलं आणि म्हणाले, अहो दोनच घटक आहेत तर सिस्टिममध्ये ‘लागू नाही’ टाका. बास! दोन शब्द, जे फोनवर कुणालाच सुचले नव्हते. दुपारी डबे हातात आले तेव्हा आईने तिथेच आशीर्वाद म्हटला. आणि मी खोटं काही लिहून दिलं नाही याचा मला अभिमान आहे.

कोपरे तुटले होते बरेच. सेदेरला (पेसाहच्या रात्रीच्या विधीला) तीन अख्खे लागतात ते आधी निवडून बाजूला काढा, मधला आपण मोडतोच पण सुरुवातीला तो अख्खा हवा. मागवणार असाल तर पाठवणाऱ्यालाच इंग्रजी लेबल चिकटवायला सांगा, आणि पुरीमच्या (पेसाहच्या महिनाभर आधीच्या सणाच्या) आधी मागवा, नंतर नाही. आपल्याकडे भात चालतो त्यामुळे जेवणाची चिंता नसते. हां, सेदेरच्या चार प्याल्यांसाठी काळ्या मनुकांचं शरबत करणार असाल तर मनुका आदल्या रात्रीच भिजत घाला, सकाळी घातल्या तर रंगच उतरत नाही.