सातबाऱ्यावरचा आर नव्हे

आज एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला लॅबमधल्या विकतच्या सॉफ्टवेअरने मान टाकली. लायसन्स संपलं, आणि नूतनीकरणाची फाइल तीन महिने कुठल्यातरी टेबलावर झोपलीय. म्हटलं, चला, आर (R) टाकू, आकडेवारीच्या विश्लेषणाचं मोफत सॉफ्टवेअर.

मागच्या बाकावरून आवाज, "सर, सातबाऱ्यावरचा हेक्टर-आर मधला आर का?" वर्ग खदखदला. (प्रश्न अगदीच गैर नाही म्हणा, मोजणी दोन्हीकडे आहेच.)

हा आर न्यूझीलंडचा. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी सुरू केलेला. १९९५ मध्ये त्यांनी तो मुक्त परवान्याखाली सोडला, १.०.० आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० ला. फुकट आहे हे खरंच, पण मला जास्त मोल वाटतं ते आत डोकावता येण्याचं. एका मुलीने कंस न देता नुसतं 'एसडी' (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत ते सांगणारं प्रमाण विचलन) टाइप केलं, तर पडद्यावर फंक्शनचा कोडच उमटला. "अय्या सर, हे तर व्हेरियन्सचं वर्गमूळच घेतात!" दोन वर्षं पाठ केलेलं सूत्र तिला आज भेटलं.

संध्याकाळी औषध कंपनीतल्या जुन्या विद्यार्थ्याशी बोललो. तिकडेही आर शिरलाय. अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेची, अमुकच सॉफ्टवेअर वापरा अशी सक्ती नाहीच मुळी.

निघताना तो सातबारावाला पेन ड्राइव्ह घेऊन उभा. "सर, घरच्या जुन्या लॅपटॉपवर चालेल ना?"

चालेल रे.