विट्यावरनं हेदवी: बामणघळ बघायची तर आधी तिथी बघा

विट्यातनं समुद्राला एका दिवसात जाऊन येता येतं का असं बऱ्याच जणांनी विचारलं, तर येतं. निवांत नाही, पण येतं. आपल्या गावावरनं जो हायवे जातो तो गुहागर-विजापूर हायवे, म्हणजे रस्त्याचं एक टोक थेट समुद्राला लागलेलं आहे आणि आपण मात्र जन्मभर त्याच रस्त्यानं कराडपर्यंत जाऊन माघारी येतो, दवाखान्याला नाहीतर लग्नाला. समुद्र म्हटलं की आपल्याकडं गणपतीपुळे नाहीतर गोवा, दोन मुक्काम, लॉजचं बुकिंग, एवढंच डोक्यात येतं. मला वाळू नको होती, मला कातळ बघायचा होता, लाट येऊन फुटते तो. त्यासाठी गुहागर तालुक्यातलं हेदवी, आणि हेदवीतली बामणघळ.

पण बामणघळ ही कधीही जाऊन बघायची गोष्ट नाही, हे पहिल्यांदा सांगते. किनाऱ्याच्या काळ्या कातळात आत शिरलेली एक लांब, अरुंद चीर आहे ती. ओहोटीला गेलात तर खोल भेग दिसेल, तळाशी थोडं पाणी हलताना दिसेल, फोटो काढाल आणि एवढ्यासाठी एवढ्या लांब आलो होय म्हणत परत फिराल. माझ्या ओळखीतली माणसं अशी जाऊन आलीत आणि तिथं काय नाही असं सांगत फिरतात. भरती पुरी चढत आली की मगच ती घळ जिवंत होते.

आता भरती कधी, हे कोकणातली जुनी माणसं तिथीवरनं काढतात. तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं, येईल ती भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. अष्टमीला सहा. चंद्र रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं उशिरा येतो म्हणून भरतीपण रोज तेवढी पुढं सरकते, आणि दिवसातनं दोनदा येते, साधारण साडेबारा तासांच्या अंतरानं. मी मोबाईलवर भरतीचं टाइमटेबल काढून ताडून बघितलं, थोडा फरक पडतो पण हिशोब बसतो. शिवाय पौर्णिमा-अमावस्येला सूर्य आणि चंद्र दोघांची ओढ एका रेषेत येते म्हणून पाणी जास्त चढतं, त्याला उधाण म्हणतात, आणि अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, तो भांग. म्हणजे उधाणाची भरती बरोबर दुपारच्या आधी येते, आणि पहाटे चारला विट्यातनं निघालेला माणूस दहाच्या सुमाराला हेदवीत पोचतो. घाटावरच्या माणसाला याच्यापेक्षा सोयीचं काय पाहिजे? अमावस्येला गाडी बाहेर काढायला घरातनं परवानगी मिळणं अवघड, म्हणून आम्ही कोजागिरी धरली. पावसाळ्यात तिथं पाणी याहून खवळलेलं असतं पण कातळ शेवाळलेला आणि निसरडा, तेव्हा त्या दिवसात पोराबाळांना घेऊन जाऊच नये.

दाजी, ताई, भाचा आणि मी, दाजींची गाडी. कराडपर्यंत अंधार, पाटणला उजाडलं, तिथं चहा. कोयनेचा पट्टा मात्र सावकाश बघत गेलो, कारण तो रस्ता आपल्या पाण्याचा रस्ता आहे. ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं. त्यातलं बरंच पाणी सह्याद्रीच्या पोटातनं बोगद्यानं पश्चिमेला नेतात, पोफळीच्या बाजूला वीज तयार होते (सगळा कोयना प्रकल्प मिळून १९६० मेगावॅट), आणि वीज करून झाली की ते पाणी वाशिष्ठीत सोडतात, तिथनं दाभोळच्या खाडीला, अरबी समुद्रात. आणि जे पूर्वेला सोडतात ते कोयना नदीनं कराडला येऊन कृष्णेला मिळतं, टेंभूला उपसलं की आमच्या खानापूर तालुक्यातल्या शेतांना येतं, उरलेलं कृष्णेबरोबर पार बंगालच्या उपसागराला. एकाच धरणाचं पाणी दोन समुद्रांना जातं. दाजींनी टेंभूचं पाणी यायच्या आधीचे टँकरचे दिवस बघितलेत, ते धरणाकडं बघत भाच्याला म्हणाले, "बघ, आपला ऊस इथनं येतो." भाच्याला किती कळलं माहीत नाही पण मला ते फार आवडलं.

कुंभार्ली घाट उतरताना कान बंद होतात, हवा बदलते, घामच यायला लागतो. खाली भातकापणी चाललेली, खाचरात पेंढ्या पडलेल्या. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर मुंबई-गोवा हायवे ओलांडायचा, शृंगारतळीवरनं मोडकाआगर, आणि तिथनं गुहागर गावात न शिरता पालशेतच्या रस्त्यानं खाली. हा शेवटचा रस्ता अरुंद, वळणावळणाचा, समोरनं एसटी आली की एकानं थांबावंच लागतं. इथं मॅपवरच्या वेळेवर विश्वास ठेवू नका, अर्धा तास जास्तीचा धरा.

हेदवीला दशभुज गणपतीचं देऊळ टेकडीवर आहे, दहा हातांची पांढऱ्या संगमरवराची मूर्ती, पण ते आम्ही परतीला ठेवलं कारण भरती कुणासाठी थांबत नाही. समुद्रावर उमामहेश्वराचं देऊळ आहे, तिथनं कातळावरनं चालत जायचं. कातळ म्हणजे गुळगुळीत फरशी नव्हे, सगळा खडबडीत, बारीक बारीक खळग्यांचा, त्या खळग्यांत राहिलेलं पाणी वाळून मिठाची पांढरी कडा धरलेली, आणि दगडाला चिकटलेल्या धारदार शिंपल्या. चप्पल घालून अजिबात जाऊ नका, मागं पट्टा असलेली सँडल नाहीतर बूट घाला. घळ लांबून दिसतच नाही. अगदी जवळ गेल्यावर पायाखालचा दगड एकदम संपतो.

पोचलो तेव्हा पाणी चढत होतं. आधी आवाज येतो. लाट घळीच्या तोंडाशी शिरली की आत कोंडलेली हवा पुढं रेटली जाते आणि दगडाच्या आतनं घुम्म असा आवाज निघतो, तो कानाला कमी आणि तळपायाला जास्त कळतो. लाट समुद्रावर पसरलेली असते तोवर तिला जागा असते, इथं दोन्ही बाजूला दगड, पुढं पण दगड, मग तिला वर जाण्याशिवाय मार्ग नसतो. घळीच्या शेवटाला पाणी आपटतं आणि सरळ उभं वर उसळतं, माझ्या अंदाजानं पंधरा-वीस फूट तरी, वर गेल्यावर क्षणभर तिथंच थांबल्यासारखं वाटतं आणि मग सगळं फुटून खाली. पाणी उतरताना घळ पुन्हा आत ओढल्यासारखा श्वास घेते. प्रत्येक लाटेला नाही होत असं. दोन-चार बारक्या लाटा नुसत्या गुरगुरून जातात, आणि आता काय होत नाही म्हणून माणूस एक पाऊल पुढं टाकतो तेव्हाच मोठी येते.

तिथले एक काका, गळाला मासे लावायला आलेले, त्यांनी आम्हाला न विचारता जागा दाखवली. "ताई, ओला दगड दिसतोय ना, त्याच्या मागे उभं राहायचं. ओला आहे म्हणजे पाणी तिथवर येऊन गेलंय. आणि समुद्राकडे पाठ करायची नाही, फोटोला सुद्धा नाही." इतकी साधी खूण आहे ही, पण कुठल्या रीलमध्ये कुणी सांगत नाही. आमच्यासमोर एक ग्रुप अगदी काठावर जाऊन सेल्फी काढत होता, काकांनी ओरडून मागं घेतलं त्यांना. घळीत पडलेला माणूस बाहेर काढणं सोपं नाही, दोन्ही बाजू सरळ आणि पाणी सारखं आपटतंय. तिथं जाणाऱ्या प्रत्येकानं हे मनावर घ्यावं असं मला मनापासनं वाटतं. आम्ही भाच्याचा हात एक मिनिटसुद्धा सोडला नाही.

साडेबारापर्यंत तिथंच होतो. उन्हानं डोकं तापलेलं, ओठावर मीठ, ताई तर हलायलाच तयार नव्हती. मग गणपतीचं दर्शन आणि गावातल्या एका घरी जेवण, त्यांना आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं. गरम भात, आमसुलाचं सार, डाळिंबी उसळ, उकडीचे मोदक. ताईनं साराची कृती विचारून लिहून घेतली.

साडेतीनला निघालो, कारण कुंभार्ली उजेडात चढलेला बरा, रात्री धुकं धरलं की समोरचा ट्रक दिसत नाही. विट्यात पोचलो तेव्हा दहा वाजत आले होते, गच्चीवर दूध आटवणं सुरू होतं.

आता दाजींना ओहोटीचा कातळ बघायचाय. अष्टमीला भरती सकाळी सहाला म्हणजे ओहोटी दुपारी बाराच्या सुमाराला. भांगाचे दिवस असल्यानं पाणी उधाणाएवढं लांब जात नाही, पण भर दुपारी बराच कातळ उघडा पडतो, खळग्यांतले खेकडे बघायला मिळतात आणि गावातल्या बायका कोयती घेऊन दगडावरची कालवं काढायला येतात. कॅलेंडरवर कार्तिक वद्य अष्टमीला त्यांनी गोल करून ठेवलाय. गाडीत एक जागा शिल्लक आहे, विट्यातनं पहाटे चारला निघायची तयारी असेल तर कळवा.