माझी भूक पहाटे तीनची होती

पहिल्या भेटीत आहारतज्ज्ञ मॅडमनी मी काय खाते हे विचारलंच नाही. विचारलं, "झोपता कधी?" मी म्हटलं, आठवड्यातले चार दिवस सकाळी नऊला. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मग आधी मला तुमचे चोवीस तास सांगा."

त्याआधीच्या दोन वर्षांत मी तीन डाएट चार्ट करून बघितले होते. तिन्ही १२०० कॅलरींचे, आणि तिन्हींमध्ये सकाळी आठला नाश्ता, दुपारी एकला जेवण, संध्याकाळी सातच्या आत शेवटचं खाणं. सातला जेवून मी रात्री दहाला रात्रपाळीला जायचे. पहाटे तीनच्या सुमारास पोटात असा खड्डा पडायचा की समोरचे आकडे दिसेनासे व्हायचे. मग बिस्किटांचा एक पुडा, त्यामागे दुसरा. सकाळी घरी येताना स्वतःचाच राग यायचा. "एवढं साधं पथ्यही पाळता येत नाही का?" हे एकीने तोंडावर विचारलं होतं, ते अजून लक्षात आहे. माझ्यात जिद्द नाही, असंच मी धरून चालले होते.

मॅडमनी आधी चालू औषधांची यादी पाहिली. स्टेरॉइड, इन्सुलिन, नैराश्यावरची काही औषधं यांनी वजन वाढू शकतं, म्हणून. माझ्या बाबतीत तसं काही निघालं नाही, थायरॉइडही ठीक होतं. मग त्यांनी कागदावर हिशेब मांडला. वजन ८४ किलो, उंची १६० सेंटिमीटर, वय ४२. मिफ्लिन-सेंट जिऑर सूत्रात वजनाला १० ने, उंचीला ६.२५ ने गुणून बेरीज करायची, त्यातून वयाची पाचपट वजा करायची आणि स्त्री असेल तर आणखी १६१. उत्तर आलं १४६९. म्हणजे नुसतं पडून राहिले तरी शरीराला अंदाजे एवढ्या कॅलरी लागणार. हालचाल धरून दोन हजारांच्या आसपास. आणि मी १२०० वर रात्र काढायला निघाले होते! तो आकडा बघून मला रडूच आलं. दोन वर्षं मी स्वतःला नावं ठेवत होते, आणि चूक होती ती १२०० या आकड्याची.

नंतर सात दिवसांची वही. काय खाल्लं याच्या आधी तीन रकाने: किती वाजता, भूक दहापैकी किती, आधी किती तास झोप झाली. एकही दिवस सोडू नका, सुट्टीचाही नाही, असं त्यांनी बजावलं होतं. वहीत दोन गोष्टी अगदी उघड दिसल्या. तीन वाजताची भूक रोज आठ-नऊ, आणि झोप पाच तासांच्या आत असेल त्या दिवशी गोडाची ओढ जास्त. तिसरी गोष्ट मात्र वहीत दिसलीच नाही. मॅडमनी फोडणीसाठी नेहमीसारखं तेल एका वाटीत ओतायला सांगितलं, मग तेच चमच्याने मोजायला लावलं. मी "थोडंसं" म्हणायचे ते जवळजवळ तीन मोठे चमचे भरलं. १५ मिलीच्या एका चमच्यात साधारण १२० कॅलरी असतात.

लो-कार्ब (भात-पोळी-साखर कमी) करू की लो-फॅट (तेल-तूप कमी), हे मी विचारलंच. लाळेवरून जनुकं तपासून आहार ठरवणारं किट मागवायच्याही बेतात होते. मॅडमनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ६०९ जणांवरच्या अभ्यासाबद्दल सांगितलं, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या. वर्षभरात लो-कार्ब गटाचं वजन सरासरी ६ किलोने आणि लो-फॅट गटाचं ५.३ किलोने उतरलं, म्हणजे फरक नगण्य. पण एकाच गटात कुणी वीस किलोंच्या वर उतरलं, तर कुणाचं उलट वाढलं. आणि कुणाला काय लागू पडेल, हे त्यांनी तपासलेल्या जनुकांवरून सांगता आलं नाही. मी किट मागवलं नाही. ते पैसे वाचले याचं आजही समाधान आहे.

माझा आराखडा साधारण १६०० कॅलरींचा ठरला. मुख्य जेवण कामाला निघण्याआधी, पोटभर. रात्री शरीर साखर दिवसाइतकी नीट हाताळत नाही, म्हणून पहाटेचं खाणं छोटं पण प्रथिनांचं, आणि तेही भूक नऊवर जाण्याआधी, दोनलाच. घरी आल्यावर हलकं काहीतरी खाऊन झोप. तेलाला चमचा. कुठलाही पदार्थ बंद नाही.

पहिल्या आठवड्यात दोनला डबा उघडताना धाकधूक होती. इतकी वर्षं रात्री खाणं म्हणजे पाप असंच ऐकलं होतं. त्या आठवड्यात बिस्किटांचा पुडा फोडला नाही. आठ महिन्यांत ८४ चे ७७ झाले. मध्ये ७८ वर काटा पाच आठवडे अडला होता. मॅडमनी पुन्हा हिशेब केला: सहा किलो उतरल्यामुळे शरीराची बसल्या जागची गरजच ६० कॅलरींनी घटली होती. मग ताटातलं थोडं कमी केलं आणि चालणं वाढवलं.

या महिन्यापासून दिवसपाळी लागली आहे. जुना आराखडा तसाच चालवू का, असं विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, नको, वही काढा. आज तिसरा दिवस. भूक साडेअकराला लागली, दहापैकी सात.