पावसाच्या रात्रीसाठी चार ओळी

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की बाळंतपणाचा छोटा दवाखाना डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत मी जिथे परिचारिका आहे, ते मात्र वृद्धांचे शुश्रूषागृह आहे. तिथे नव्याने राहायला आलेल्या माणसाची काळजी कशी घ्यायची याचा प्राथमिक लेखी आराखडा 48 तासांत करावा लागतो, सविस्तर तपासणी 14 दिवसांत आणि त्यानंतर 7 दिवसांत पूर्ण आराखडा. नोव्हेंबर 2019 पासून मनावरच्या जुन्या आघातांची दखल घेणेही तेथील केंद्रीय नियमांनी बंधनकारक केले आहे.

व्हिएतनाम युद्धात लढलेले एक आजोबा आंघोळीच्या वेळी अंगावर धावून येत. सुरुवातीला आम्ही ‘सहकार्य करत नाहीत’ एवढेच लिहीत होतो, आणि त्या शब्दांची मला आजही लाज वाटते. त्यांच्या मुलीशी बोलल्यावर कळले, की मागून कोणाचा हात लागला की ते बिथरतात. मग आराखड्यात लिहिले: दार वाजवावे, नाव सांगावे, समोरून जावे, पाठीला हात लावण्यापूर्वी विचारावे. युद्धात काय घडले, हे खोदून विचारायचे नाही. रात्रपाळीच्या नव्या मदतनिसाला आजाराच्या नावापेक्षा या चार ओळीच उपयोगी पडतात.

यंदा जुलैत रजेवर चिपळूणला आले तेव्हा हे सारे मावशीच्या घरात आठवले. 22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी घरात शिरले आणि तिने ती रात्र माळ्यावर काढली. अजूनही पत्र्यावर सर वाजू लागली की ती उठते, रेशनकार्ड आणि औषधांची पिशवी फळीवर ठेवते आणि बॅटरी घेऊन उंबऱ्याशी उभी राहते. घरातले म्हणतात, म्हातारीला भ्रम झाला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतही बोलता येते, हे मी सांगितले. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचे नाव काढताच मात्र सगळे गप्प झाले.

तिला आता वृद्धाश्रमात राहायचे आहे. तिथल्या अर्जात साखर, रक्तदाब, पथ्य एवढेच रकाने होते. तिला विचारून मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिले: खोली वरच्या मजल्यावर द्यावी, उशाशी बॅटरी असावी, पावसात उठली तर दटावून निजवू नये, पाणी कुठवर आले आहे ते पाहून सांगावे.

तिने ते वाचून घेतले आणि म्हणाली, “पिशवी माझ्या हाताशी राहू देत, हेही लिही गो. फळी उंच असली तर माझा हात पोचायचा नाही.”