मायकेल मायर्सला कारण नको

१९७८च्या 'हॅलोवीन' या भयपटातला सगळ्यात भयंकर क्षण खुनाचा नाहीच. खून झाल्यावर त्यातला खुनी मायकेल मायर्स भिंतीला खिळलेल्या पोराकडे मान तिरकी करून बघत राहतो, तो. राग नाही, आनंद नाही, नुसतं कुतूहल. आज पुन्हा बघताना तिथेच अंगावर काटा आला.

सोबत भाचा होता. त्याचा एकच धोशा, "पण मामा, तो असा का झाला?" अरे, तेच तर सांगत नाहीत! सहा वर्षांचं, चारचौघांसारख्या घरातलं पोर सख्ख्या बहिणीला सुरीने भोसकतं. त्याचा मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर लूमिस आठ वर्षं त्याच्या मनापर्यंत पोचायचा प्रयत्न करतो आणि पुढची सात वर्षं तो इस्पितळातून बाहेर पडू नये म्हणून धडपडतो. डॉक्टरनेच हात टेकले, मग आपण काय करणार?

'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या पहिल्या भागातली खुनी बाई निदान पोर गमावलेली आई आहे. (१९८०चा सिनेमा आहे, आता स्पॉयलर म्हणून ओरडू नका.) तिचं कृत्य माफ होत नाही, पण दुःख कळतं. मायकेलच्या बाबतीत कळण्यासारखं काही ठेवलंच नाही. तो घालतो तो मुखवटासुद्धा 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा, पांढरा रंगवून कोरा केलेला.

२००७च्या रिमेकमध्ये दिग्दर्शक रॉब झॉम्बीने त्याला वाईट घर दिलं, शाळेत छळणारी पोरं दिली. मला त्या लहान मायकेलची दया आली आणि भीती तिथेच संपली. कशाला केलं हे, देव जाणे.