चौकटीतली दोन अक्षरं

एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेत बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर नाहीच. इथे आल्या आल्या ऑफिसातल्या पुणेकरांनी मला हे सांगितलं, तेव्हा बरंच वाटलं होतं. (कमिन्स या इंजिनांच्या कंपनीमुळे इंडियानातल्या या कोलंबस गावात पुण्याची माणसं पुष्कळ.) पण त्याच कायद्यात असंही लिहिलंय की १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार, किंवा तयार काडतुसावर न चालणारी त्याची आजची नक्कल, ही बंदूक धरायचीच नाही. म्हणजे सुटी काळी दारू ओतून, वर शिशाची गोळी ठासून, मागे केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) लावून उडवायचं सहाबारी रिव्हॉल्व्हर इथे कुरियरने दारात येतं!

मी हादरलेच. कुडाळला आमच्या काकांकडे ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाची. डुकरं भातात शिरतात म्हणून घेतलेली. तिच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी काकांनी मारलेले हेलपाटे मी लहानपणापासून पाहिलेत. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा. आपला नियम जाचक असेल, पण गोळीने माणूस मरतो हे तो विसरत नाही. इथल्या नियमाबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

हे सगळं डोक्यात आलं ते समोरच्या आजींमुळे. त्यांचे यजमान गेले आणि कपाटात असं एक रिव्हॉल्व्हर निघालं. मुलगा म्हणत होता, अमेरिकन सिव्हिल वॉरमधली कोल्ट कंपनीची ‘नेव्ही’ आहे, हजारो डॉलर येतील. मी क्वालिटीत काम करते, भिंग पर्समध्येच असतं, म्हणून आजींनी मला बोलावलं.

आधी गोळ्या आणि केपा नाहीत ना ते पाहिलं. सिलिंडरवर जहाजांची लढाई कोरलेली होती, १८४३ची, टेक्सासच्या आरमाराची. मुलाचा सगळा भरवसा त्या चित्रावर. पण ते चित्र नकलांवरही असतं. सांगाडा पितळेचा होता आणि नळीवर ४४ कॅलिबर (नळीच्या भोकाचं माप) लिहिलेलं. तिथेच विषय संपला, कारण कोल्टची १८५१ची नेव्ही ३६ कॅलिबरची आणि सांगाडा लोखंडी. दक्षिणेच्या बाजूने जॉर्जियात ग्रिसवोल्ड अँड गनिसनच्या कारखान्यात पितळी सांगाड्याची रिव्हॉल्व्हरं बनली, पण तीही ३६चीच. ४४ची पितळी ‘नेव्ही’ युद्धात नव्हतीच. ती विसाव्या शतकातल्या इटलीची.

इटली म्हटलं की मी जरा जास्त बोलते, पण बोलू द्या. ब्रेशियाजवळ गार्दोने वाल त्रोम्पिया नावाचं खोऱ्यातलं गाव आहे. तिथल्या सरकारमान्य चाचणीगृहात प्रत्येक हत्यार नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार भरून उडवून पाहतात. टिकलं तरच शिक्का. काळ्या दारूच्या हत्यारावर चांदणी आणि खाली ‘पीएन’. शेजारी छोट्या चौकटीत दोन अक्षरं, म्हणजे चाचणीचं वर्ष. ‘एए’ म्हणजे १९७५, ‘एझेड’ म्हणजे १९९०, तिथून ‘बीए’ सुरू. सोन्यावरच्या हॉलमार्कसारखंच हे, पण सोनं तरी महाग. इथे दोनशे डॉलरच्या हौशी वस्तूलाही तीच शिस्त, आणि तीही इतकी वर्षं न चुकता. कारखान्यात मी रोज शिक्के तपासते. एवढा साधा आणि एवढा प्रामाणिक शिक्का माझ्या पाहण्यात नाही. आजींच्या रिव्हॉल्व्हरवर ‘एई’ होतं, १९७९. शंकर­पाळ्याच्या आकारात ‘एफएपी’, म्हणजे गुस्सागोचे पिएत्ता बंधू.

काही लबाड लोक हे शिक्के घासून काढतात, धातूला मुद्दाम गंज आणतात आणि अस्सल म्हणून विकतात. पण घासलेल्या जागी उथळ खळगा राहतो, तिरक्या उजेडात लगेच दिसतो. स्क्रूचे आटेही मेट्रिक निघतात. १८५१च्या हार्टफर्डमध्ये, कोल्टच्या कारखान्यात, मेट्रिक आटे कुठले?

किमतीचं बोलायचं तर पितळी सांगाड्याच्या वापरलेल्या नकलेला साधारण दीडशे ते अडीचशे डॉलर. पितळ मऊ, भारी बार सतत भरले की सिलिंडर मागे आपटून सांगाड्यावर वळ उठतात आणि मधला कणा ढिला होतो. मग आणखी कमी. उबेर्ती या दुसऱ्या इटालियन कंपनीच्या लोखंडी सांगाड्याच्या नकलेला जास्त. कोल्ट कंपनीने १९७१पासून स्वतः पुन्हा काढलेल्या नेव्ही मूळ डब्यासकट असतील तर कितीतरी जास्त. जळलेल्या दारूचा थर गरम पाण्याने धुतला नसेल तर तो हवेतली ओल ओढतो आणि नळी आतून खाल्ली जाते, तेही बघावं लागतं. आजींच्या यजमानांनी नळी आरशासारखी ठेवली होती. मी एकशे ऐंशी सांगितले.

मुलगा गप्प झाला. आजी म्हणाल्या, “ते नेहमी सांगायचे, फ्रेंडशिपहून नवीन घेतली म्हणून. ह्यानेच ऐकलं नाही.” फ्रेंडशिप म्हणजे इथून तासाभरावरचं गाव; १९३३मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय ठासणी-रायफल संघटनेच्या नेमबाजीच्या स्पर्धा तिथेच भरतात.

शेवटी ती मीच घेतली, एकशे ऐंशीलाच. घरात वाद झाला. वर नियमाबद्दल एवढं बोलून ही कशी घेतली, असं तुम्हीही विचाराल. मी केपा लावायच्या सहाही निपल काढून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवल्यात, दारूचा कण घरात नाही. मला ते शिक्के हवे होते. शिवाय १८५७मध्ये ब्रिटिश अधिकारी पदरच्या पैशाने घेतलेल्या अशाच कोल्ट घेऊन आपल्या माणसांसमोर उभे होते. ती यंत्रणा कशी चालायची हे आपल्यापैकी कुणीतरी हातात धरून समजून घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

न्यू जर्सीतल्या नणंदेला मात्र हेच घ्यायचं तर परवाना लागेल, तिथलं राज्य याला बंदूकच मानतं. आणि इकडून कुणी शोभेची वस्तू म्हणून बॅगेत टाकून मुंबईला उतरू नका. १९५९च्या शस्त्र कायद्यापुढे इथली सवलत चालत नाही.