दोन बोटे फेस

रविवारी दुपारी पाहुणे गेल्यावर टेबलावरचे ग्लास उचलताना त्यांतला एक ग्लास मी जरा जास्तच वेळ हातात धरून उभा राहिलो. त्याच्या आतल्या बाजूला फेसाची वळी एकाखाली एक उमटून वाळली होती, दर घोटामागे एक. पिणाऱ्याने किती घोटांत ग्लास संपवला हे कोणालाही मोजून सांगता आले असते. बाकीचे सारे ग्लास आतून कोरे होते. बिअर एकाच बॅरलमधली, ग्लास एकाच खोक्यातले आणि ओतणाराही मीच. फरक इतकाच, की वळी उमटलेला ग्लास आमच्या शेजारच्या वृद्ध इंग्रज गृहस्थांचा होता, ज्यांनी तिखट सोसत नाही म्हणून कांदाभज्यांना हात लावला नव्हता, आणि कोरे ग्लास आपल्या मंडळींचे होते.

आम्ही इंग्लंडातल्या डर्बीत राहतो. जवळच बर्टन अपॉन ट्रेंट हे गाव आहे, ज्याच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम विरघळलेले असते आणि त्या पाण्यामुळे तिथल्या पेल एल या फिकट रंगाच्या बिअरला कडवटपणाची एक कोरडी धार येते. १८२० च्या दशकापासून ती एल बोटींत चढून हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांपर्यंत पोचत असे. घरी बिअर करणारे लोक आपापल्या गावच्या पाण्यात चमचाभर जिप्सम टाकून बर्टनची नक्कल करतात. मीही करतो. या देशात त्याला आडकाठी नाही. १८८० च्या कायद्याने घरगुती बिअरसाठीही परवाना लागत असे, तो १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकला, आणि तेव्हापासून स्वतःपुरती हवी तेवढी बिअर घरी करता येते. फक्त ती विकता येत नाही. विकता येत नाही म्हणून ती पाजावी लागते, आणि माझ्या साऱ्या कटकटी तिथूनच सुरू होतात.

करण्याचा भाग खरोखरच फारसा कठीण नाही. भरडलेले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, सहासष्ट अंशांच्या आसपास तासभर पाण्यात ठेवले की त्यातल्या पिष्टाची साखर होते. ते गोड पाणी गाळून त्यात हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडू फुले, घालून तासभर उकळायचे, वीस अंशांपर्यंत निववायचे, यीस्ट घालायचे आणि दोन आठवडे त्याकडे ढुंकूनही पाहायचे नाही. उरलेला सगळा वेळ भांडी धुण्यात आणि निर्जंतुक करण्यात जातो. माझा जीव मात्र अडकलेला असतो तो शेवटच्या अर्ध्या मिनिटात, म्हणजे ओतण्यात, कारण महिनाभराच्या खटाटोपाचा निकाल फेसावर दिसतो. बार्लीतली प्रथिने, हॉप्समधली कडू द्रव्ये आणि यीस्टने सोडलेला वायू ही तिन्ही तिथे पहिल्यांदा एकत्र येऊन उभी राहतात. मी माल्टमध्ये थोडा गहू मिसळतो, तो केवळ फेस दाट व्हावा म्हणून. वर दोन बोटे फेस, पांढरा आणि साईइतका घट्ट, असा ग्लास पाहुण्यापुढे ठेवताना मला जे समाधान मिळते, ते पहिल्या घोटात मिळत नाही, हे मी कोणाजवळ फारसे बोलत नाही.

कारण आपल्याकडे फेस म्हणजे फसवणूक. हे आपण फार लहानपणी शिकतो. आमच्या घराजवळच्या कोपऱ्यावर उन्हाळ्यात कानिफनाथांच्या नावाचे एक रसवंतीगृह उघडत असे. चरकाला घुंगरू बांधलेले, बाकांवर उसाच्या चिपाडांचा आणि आल्याचा वास, भिंतीवर नवनाथांची तसबीर. शाळेला सुट्टी लागली की बाबा आम्हां भावंडांना तिथे नेत. ग्लास समोर आले की आम्ही तोंड लावायला धावायचो आणि बाबा हात आडवा धरायचे. ‘थांबा, बसू दे.’ मग ग्लासातला हिरवट फेस हळूहळू खाली बसेपर्यंत आम्ही टक लावून त्याच्याकडे पाहत बसायचो, आणि तो चांगला चार बोटे उतरला की बाबा जराही आवाज न चढवता म्हणत, ‘एवढे भरून द्या.’ रसवाला मुकाट्याने भरून द्यायचा. असे वाटते की त्यालाही ते अपेक्षित असावे, कारण भरण्याचे मडके तो हाताशीच ठेवत असे. फेसासकट रस पिणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल बाबांना मनापासून कीव वाटायची. असल्या घरात वाढलेल्या मुलाने पुढे इंग्लंडात येऊन फेस जमावा म्हणून गहू मिसळत बसावे, हे त्यांना कसे समजावून सांगायचे हा प्रश्न मी सोडवलेला नाही.

अर्थात बाबांचा पक्ष मांडणारे लोक इथेही भरपूर आहेत. इंग्लंडात बिअर पाइंटच्या मापाने विकतात, तो पाइंट ५६८ मिलिलिटरचा, आणि पबमधले बरेचसे ग्लास काठोकाठ भरले तरच तेवढे माप देतात. तेव्हा फेस मापात धरायचा की नाही, यावर इथे वर्षानुवर्षे वाद चाललेला आहे. धंद्याचा स्वतःचा दंडक असा, की निदान पंचाण्णव टक्के तरी द्रव असावा आणि गिऱ्हाइकाने मागितले तर वरून भरून द्यावे. म्हणजे रसवंतीचाच न्याय. त्यातही उत्तरेकडचे लोक पंपाच्या तोटीला बारीक छिद्रांची टोपी बसवून साईसारखा फेस काढतात, तर दक्षिणेकडच्यांना तो सारा प्रकार बिअरची चव मारणारा वाटतो. जर्मनांनी हा तंटा काठाच्या बराच खाली एक रेघ मारून मिटवला: रेघेपर्यंत बिअर, वर फेसाला मोकळे रान. चेक लोक तर जवळजवळ नुसत्या ओल्या फेसाचा ग्लास मागवतात आणि त्याला दूध म्हणतात. म्युनिकच्या आर्न्ड लाइके नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने तीन बिअरांचा फेस कसा उतरत जातो हे मोजून तो किरणोत्सारी पदार्थांच्या ऱ्हासाचाच नियम पाळतो असे दाखवले, आणि २००२ मध्ये त्याला त्याबद्दल इग नोबेल, म्हणजे हसवणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे नोबेलचे विनोदी भावंड, मिळाले. जगाने हसून सोडून दिले असेल. मला तो माणूस अतिशय गंभीर वाटतो.

फेसाचा खरा वैरी आहे तेल. बुडबुड्याचे पातळ कवच प्रथिनांनी धरून ठेवलेले असते आणि त्यात स्निग्धाचा अंश शिरला की ते फाटते. बोटाला लागलेले तेलही पुरते. आता मराठी घरात तेल कुठे नसते? फोडणीची वाफ उघड्या फळीवरच्या ग्लासांवर जाऊन बसते आणि धुतलेला ग्लास ज्या फडक्याने पुसायचा, ते फडकेही निर्दोष नसते. म्हणून माझे ग्लास वेगळ्या कपाटात असतात, सोड्याने धुतले जातात आणि न पुसता पालथे घालून वाळवले जातात. शंका आली तर ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरवायचे. स्वच्छ काचेवर ते सगळीकडे सारखे चिकटते, तेलकट जागेवर नाही. मिठाची ही परीक्षा चाललेली पाहून बायको एकदा म्हणाली, ‘देवाची उपकरणीसुद्धा आपल्याकडे इतक्या सोवळ्यात नसतात.’

पण ग्लास कितीही सोवळ्यातला असला, तरी ओठांचे काय करायचे? आपल्या बैठकीत रिकामी बिअर कोणी पीत नाही. चिवडा, तळलेले शेंगदाणे, चकली, गरम भजी, आणि मग तेच ओठ ग्लासाच्या काठाला. पहिल्या घोटातच फेस मागे सरकतो, तिसऱ्याला नाहीसा होतो आणि पुढची बिअर सपाट तळ्यासारखी दिसू लागते. वर पुण्याहून आलेले एखादे काका बाटली माझ्या हातून घेऊन ग्लास आडवा धरतात, भिंतीवरून बिअर अलगद सोडत बुडबुडाही उठू देत नाहीत आणि तळाचा यीस्टचा गाळही ग्लासात उतरवून म्हणतात, ‘हे बघ, असे ओतायचे. फेस कशाला विकत घ्यायचा?’ विकत कोणी घेतलेलाच नसतो, पण काकांशी वाद घालता येत नाही. फेसाखाली हॉप्सचा वास टिकतो, हेही त्यांना सांगून उपयोग नसतो, कारण त्यांचे नाक त्या वेळी भज्यांतल्या ओव्याकडे लागलेले असते.

मी उपाय करून पाहिले. फुटाणे आणि काकडी-गाजराच्या फोडी एवढेच मांडून ठेवले, तर मंडळींनी ते अशा समजूतदारपणे खाल्ले की घरात कोणी आजारी आहे की काय असे वाटावे. मग ठरवले की आधी बिअर द्यायची, तो ग्लास संपेपर्यंत तळणीकडे फिरकायचे नाही, आणि भजी नंतर. यावर स्वयंपाकघरातून विचारणा झाली की लोक तुझ्या फेसासाठी येतात की माझ्या भज्यांसाठी. खरे उत्तर मला ठाऊक आहे. शिवाय भजी कढईतून काढल्या काढल्याच खायची असतात, थांबवून ठेवलेली भजी मलाही आवडत नाहीत.